पदलालित्य : खेळात आणि रंगमंचावर पाय नेमकं काय करतात?

चवडा_टाच

मैदानावर ‘पाय हलव, पाय हलव’ अशी ओरड असते. नृत्याच्या वर्गात तीच ‘पाय स्वच्छ वाजव’ अशी येते. सूचना दोन्ही बरोबर, पण शिकणाऱ्याने त्यातून नक्की काय करायचं हे कळत नाही. म्हणून हा धागा. खेळणारे, नाचणारे, शिकवणारे सगळ्यांनी लिहा, फक्त नेमकं लिहा : कुठलं पाऊल, कुठल्या क्षणी, वजन कुठे.

माझं म्हणणं आधी मांडतो. भराभर हलणारे पाय आणि वेळेवर पोहोचणारे पाय या वेगळ्या गोष्टी आहेत. दबलेला पाय उचलता येत नाही आणि मोकळ्या पायाने जमीन ढकलता येत नाही, सगळं पदलालित्य या दोन वाक्यांत आहे. उजवीकडे जायचं तर ढकलायचं डाव्या पायाने. त्यासाठी डाव्यावर वजन हवं आणि गुडघा वाकलेला हवा. टाचा टेकवून, गुडघे ताठ ठेवून उभा असलेला खेळाडू आधी गुडघे वाकवतो, मग वजन सरकवतो, मग ढकलतो. तोवर चेंडू गेलेला असतो.

बॅडमिंटनचं उदाहरण घेतो, कारण तिथे जागा लहान आणि हिशोब स्वच्छ आहे. कोर्ट १३.४० मीटर लांब, एकेरीत ५.१८ मीटर रुंद. म्हणजे आपल्या वाट्याला ६.७० बाय ५.१८ मीटर. मधोमध उभं राहिलं तर कोपरा साधारण सव्वाचार मीटरवर. त्यातून हात आणि रॅकेटची लांबी वजा करा, शेवटच्या लांब पावलाची झेप वजा करा, की खरी चाल दोन-तीन पावलांचीच उरते. एवढ्या अंतरात धावण्याचा वेग कामालाच येत नाही. कामाला येतो पहिला रेटा.

तो रेटा मिळतो स्प्लिट स्टेपमधून. समोरचा फटका मारायला लागला की दोन्ही पायांनी अगदी छोटी उडी घ्यायची, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद. शटलला रॅकेट लागते तेव्हा आपण खाली येत असायला हवं आणि दिशा कळता कळता चवडे टेकायला हवेत. टेकताना पोटरी ताणली जाते आणि त्या ताणाचाच उसळीसाठी उपयोग होतो. इथे तीन चुका कायम दिसतात.

पहिली, उडी फार उंच. तळवे जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटले तरी पुष्कळ झालं. उंच उडीत शटल निघून जातं आणि आपण हवेतच.

दुसरी, उडी लवकर. टेकून थांबलात की पोटरीतला ताण विरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

तिसरी, दोन्ही पाय दर वेळी हट्टाने एकाच क्षणी टेकवणं. सराईत खेळाडूंचा जायच्या दिशेपासून लांबचा पाय किंचित आधी टेकतो आणि जवळच्या पायाचा चवडा हवेतच त्या दिशेला वळतो. टेनिसमध्येही हेच दिसतं.

ततकार_१६

छान धागा. ‘दबलेला पाय उचलता येत नाही’ हे कथकमध्ये शब्दशः ऐकू येतं, कारण आमच्याकडे वजनाची चूक घुंगरू लगेच सांगतात.

ततकाराचे (कथकच्या मूळ पदन्यासाचे) बोल सगळ्यांना माहीत असतात : ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पायांचा क्रम असा : उजवा, डावा, उजवा, डावा, मग डावा, उजवा, डावा, उजवा. आता चौथी आणि पाचवी मात्रा पाहा. ‘तत्’ डाव्याने आणि लगेच ‘आ’ही डाव्यानेच. आठवीवरून परत पहिलीवर येताना तसंच, उजव्यावर उजवा. म्हणजे आठ ठोक्यांच्या एका आवर्तात दोन जोड असे येतात जिथे तोच पाय दोनदा वाजतो. विलंबित लयीत कुणाचंच बिघडत नाही. चौगुनीत (चौपट वेगात) ततकार तुटला तर बहुतेक वेळा याच जोडांवर तुटतो.

कारण साधं आहे. चौथ्या ठोक्याला डाव्या पायावर सगळं वजन टाकलं तर पाचव्यासाठी तो सुटत नाही. म्हणून ‘तत्’ वाजवताना वजन उजव्या पायावरच धरून ठेवायचं, डावा तळवा पडायचा आणि लगेच हलका व्हायचा. ठोका पूर्ण हवा, पण भार अर्धवट. हे वेगळं बसवावं लागतं. फक्त ‘तत् आ’ हे दोनच ठोके डाव्या पायाने, मग उजव्या पायाने, वीस-वीस वेळा, चाळ न बांधता. दोन्ही आवाज सारखे आले की मगच पूर्ण आवर्त घ्या.

वेगाचा अंदाज हवा असेल तर : मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तर बराबरीत सेकंदाला एक ठोका, दुगुनीत दोन, चौगुनीत चार. त्रितालाच्या एका आवर्तनात चौगुनीचे ६४ ठोके बसतात. प्रत्येक ठोक्याला पाय चार-पाच इंच उचलला तर चौगुन गाठताच येत नाही. पाऊल इंच-दीड इंचच सुटावं, सगळा तळवा एकदम सपाट पडावा. आपटून आवाज मोठा होत नाही, सपाट पडल्याने होतो. चवडा आधी आणि टाच नंतर पडली की एका ठोक्याचे दोन फिसकट आवाज येतात.

निदानरेषा

कबड्डीवर लिहितो. इथे वजन लपवणं हीच कला आहे.

चढाईपटू मध्य रेषा ओलांडून आत आला की पुढचा हात आणि पुढचा पाय एकाच बाजूचे, कंबर खाली, पावलं छोटी. पाय एकमेकांना छेदून टाकायचे नाहीत. पाय छेदलेला असताना कोपऱ्यातल्या बचावपटूने झेप घेतली तर मागे ढकलायला पायच उरत नाही.

पायाने स्पर्श करताना वजन मागच्या, वाकलेल्या पायावर. पुढचा पाय लांब सरकतो, चवडा स्पर्श करतो आणि आला त्याच रेषेने परत येतो. नवखे खेळाडू स्पर्शासाठी छाती पुढे नेतात. छाती पुढे गेली की वजन पुढच्या पायावर, आणि वजनाखालचा घोटा पकडणाऱ्याला आयताच मिळतो.

बोनसचं (जादा गुणाचं) गणित उलटं आहे, म्हणूनच ते अवघड. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्य रेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्या पुढे १ मीटरवर. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस. एक पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत हवा, म्हणजे नियमच सगळं वजन पुढच्या पायावर टाकायला लावतो. मग वजन तिथे किती वेळ राहतं, एवढंच आपल्या हातात उरतं. चांगला चढाईपटू कोपऱ्यासमोर दोन-तीन पोकळ पावलं टाकतो, त्यात मागचा पाय टेकलेलाच असतो. बचावपटूची झेप चुकवून खऱ्या पावलाला मागचा पाय जेमतेम सुटतो आणि लगेच मागे टेकतो. पाय गुडघ्यापर्यंत उचलून दाखवायची गरज नसते. हवेत आहे हे पंचाला दिसलं की झालं.

एक नेहमीची चूक : बोनस घेताना चवडा मैदानाच्या आत सरळ रोखलेला. चवडा थोडा बाहेर, परतीच्या दिशेकडे वळलेला असेल तर त्याच पायाने मागे ढकलता येतं.

नेट_ड्रॉप

बॅडमिंटनसाठी दोरीच्या शिडीवरचा सराव कितपत उपयोगी? मुलं शिडीवर फार वेगात पाय टाकतात, पण कोर्टवर मागच्या डाव्या कोपऱ्यात उशिराच पोहोचतात. आणि नेटजवळचं लांब पाऊल टाकून परत यायला वेळ लागतो, त्यात काय सुधारायचं?

चवडा_टाच

@नेट_ड्रॉप, शिडीने ताल आणि पावलाची नेमकी जागा सुधारते, सुरुवातीला अंग गरम करायला पाच-सात मिनिटं ठीक आहे. पण शिडीवर पुढचं पाऊल आधीच ठाऊक असतं. कोर्टवर ते समोरच्याच्या रॅकेटवर ठरतं. शिवाय शिडीवर वजन दोन्ही पायांच्या मध्ये राहतं आणि मोठा रेटा कधी द्यावाच लागत नाही. म्हणून शिडी उत्तम आणि कोर्टवर उशीर, हे दोन्ही एकाच मुलात दिसतं.

त्याऐवजी इशाऱ्यावरचा सराव घ्या. एकाने नेटपलीकडे उभं राहून सहा जागांपैकी एकीकडे हात दाखवायचा. खेळणाऱ्याने हात उठताना स्प्लिट घ्यायची, दिशा दिसली की जायचं, नुसता फटका मारायचा आणि परत यायचं. २० सेकंद सराव, ४० सेकंद विश्रांती, असे ८ ते १० संच. पावलं जड वाजायला लागली की थांबवायचं, कारण त्यापुढे सराव होतो तो चुकीच्या पावलांचाच.

मागचा डावा कोपरा (उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी) : स्प्लिटनंतर डाव्या पायाने ढकलून उजवा पाय मागे वळवायचा, तो कमरेसह वळायला हवा. मुलं खांदे वळवतात आणि कंबर नेटकडेच ठेवतात, तिथे एक अख्खं पाऊल वाया जातं. मग एक सरकपाऊल, उजव्या पायावरून उडी आणि हवेत पायांची अदलाबदल : डावा मागे टेकतो, उजवा पुढे येतो. डावा टेकताना वजन त्याच्याही मागे गेलं तर परत यायला दोन पावलं जास्त लागतात. छाती नेटकडे झुकलेली असेल तर टेकलेला डावा पायच पुढे ढकलतो.

नेटजवळ : शेवटचं लांब पाऊल उजव्याचं, टाच आधी, मग तळवा. चवडा शटलच्या दिशेला, गुडघा चवड्याच्याच रेषेत. डावा पाय मागे घसटत येऊ द्या, बुटाच्या आतल्या कडेवर. तो मागे खिळून राहिला तर अंग दोन पायांत ताणलं जातं आणि उजव्या पायाला एकट्याने सगळं परत ढकलावं लागतं. त्यांना वेळ लागतोय तो बहुतेक इथेच. मुलांच्या डाव्या बुटाची चवड्याजवळची आतली कड तपासा. ती अजिबात घासली नसेल तर पाय घसटतच नाहीये.

मंडी

थोडा वेगळा मुद्दा. वर ‘टाचा टेकवून उभं राहिलं की उशीर’ असं आलंय, ते खेळापुरतं खरं आहे. भरतनाट्यममध्ये सगळा पाया टाचा टेकवूनच असतो. पण तत्त्व तेच राहतं, कारण अरैमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे आधीच वाकलेले असतात. खेळाडू वाकतो ते निघण्यासाठी, आम्ही वाकलेलेच राहतो.

तट्टडवूत (ठोक्यांच्या मूळ पदन्यासात) पाय मागे, नितंबाकडे उचलून संपूर्ण तळव्याने ठोका द्यायचा. पहिल्या काळात (मूळ वेगात) सगळ्यांचं बसतं. दुसऱ्या काळात वेग दुप्पट, तिसऱ्यात चौपट, आणि तिथे डोकं वर-खाली व्हायला लागतं. कारण पाय उचलायला जागा व्हावी म्हणून नाचणारी नकळत उठते. उंची वाढवून जागा करू नका, पाय कमी उचला. तपासायला : बाजूच्या भिंतीवर अरैमंडीतल्या डोक्याच्या उंचीला आडवी खूण करा आणि कुणाला तरी बघायला सांगा. तिसऱ्या काळातही डोकं त्या खुणेवरच हवं.

गुडघ्यांबद्दल कळकळीने सांगते. पावलं बाहेर वळतात ती खुब्यातून. बॅले असो की भरतनाट्यम, खुबा जेवढा वळतो तेवढीच पावलं वळवायची. अरैमंडीत बसल्यावर खाली पाहा : गुडघ्याची वाटी अंगठ्याशेजारच्या बोटावर हवी. पावलं बाहेर आणि वाट्या आत दिसत असतील तर मधला पीळ गुडघा सोसतोय. लहान मुलींना आरशात सरळ रेषा दिसावी म्हणून पावलं ओढून वळवायला लावतात, ते कृपया थांबवा. खुब्याची मोकळीक हळूहळू येते, काहींच्या हाडांची ठेवणच कमी वळणारी असते, आणि त्यांचं नृत्य त्यामुळे कमी ठरत नाही.

घोटा_नडगी

@मंडी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. हाडं-स्नायूंच्या बाजूने थोडं.

खेळात आणि नाचात सर्वाधिक मुरगळतो तो घोटा, तळवा आत वळून. बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. पाऊल टेकताना वजन करंगळीच्या कडेवर गेलं की हे होतं. धावण्याचे बूट घालून बॅडमिंटन किंवा कबड्डीचा सराव करणं हे त्याचं मोठं कारण. त्या बुटांची टाच जाड, मऊ आणि उंच असते, सरळ जाण्यासाठी केलेली. आडवं थांबताना पाऊल तिच्यावरून कलंडतं. कोर्टचे बूट बुटके, बाजूंनी घट्ट आणि सपाट गम सोलचे असतात. सोल गुळगुळीत चमकायला लागला की ओल्या फडक्याने पुसा. पुसूनही घसरत असेल तर बूट बदला.

एका पायावर टेकताना गुडघा आत कोसळणं हे एसीएल (गुडघ्यातला एक अस्थिबंध) फाटण्याचं नेहमीचं चित्र. बहुतेक वेळा समोरच्याचा धक्काही लागलेला नसतो. वर लिहिलेलं मागच्या डाव्या कोपऱ्यातलं डाव्या पायावरचं टेकणं नेमकं तसंच धोक्याचं आहे. आधी जागेवर शिकवा : ठेंगण्या पायरीवरून एका पायावर उतरायचं, दोन सेकंद स्थिर, गुडघा चवड्यावर. प्रत्येक पायाला ८ वेळा, ३ फेऱ्या. हे डळमळतंय तोवर उडी नको.

नाचणाऱ्यांसाठी जमीन. फरशीवर किंवा काँक्रीटवर रोज ततकार केला की नडगीची आतली कड दुखायला लागते. वर पातळ व्हिनाइल अंथरलं तर घसरणं थांबतं, पण धक्का तसाच राहतो. लाकडी फळ्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवर बसवून खाली पोकळी ठेवलेली जमीन धक्का शोषते. ती नसेल तर निदान पूर्ण जोराचा सराव कमी ठेवा, उरलेला हलक्या ठोक्याने करा. दुखणं बोटभर जागी नेमकं असेल, दाबल्यावर तिथेच कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा सराव थांबवून डॉक्टरला दाखवा.

पोटरीची ताकद मोजायला सोपं : एका पायावर उभं राहून टाच पूर्ण उचला, गुडघा सरळ. २० ते २५ वेळा जमायला हवं, दोन्ही पायांना सारखं.

क्रीजच्या_आत

क्रिकेटचं राहिलं. फलंदाजाच्या पायांचं कामच चेंडूच्या टप्प्याची लांबी ओळखून वजन पुढे किंवा मागे नेण्याचं. पुढे जाताना डोकं आधी, पाऊल त्याच्या मागोमाग. पुढचा गुडघा वाकलेला आणि डोकं त्याच्यावर. पाऊल आधी टाकून मग डोकं नेलं की वजन मागेच राहतं आणि चेंडू हवेत उडतो. पुढचा पाय यष्ट्यांसमोर आडवा पडला तर बॅटला पॅडला वळसा घालून यावं लागतं. पायचीत होण्याचा तो सरळ रस्ता.

फिरकीला पुढे सरसावताना पहिलं पाऊल पुढच्या पायाचं छोटं, मागचा पाय त्याच्या मागून छेदून येतो, मग पुन्हा पुढचा लांब. मागचा पाय समोरून आला तर कंबर गोलंदाजाकडे उघडते आणि फटका आडवा जातो. अर्धवट पुढे जाणं सगळ्यात वाईट : चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही आणि क्रीजही सुटते. क्रीज यष्ट्यांच्या रेषेपासून १.२२ मीटरवर आहे, आणि पाय रेषेवर असणं म्हणजे बाहेर असणं. रेषेच्या आत काही भाग टेकलेला हवा.

नेट_ड्रॉप

@चवडा_टाच, बुटांची कड पाहिली. तिघांच्या डाव्या बुटाला घासल्याची खूणच नाही. घसटणं शिकवायचं कसं?

चवडा_टाच

जागेवरच. लांब पाऊल टाकून थांबायचं, मग डावा पाय बुटाच्या आतल्या कडेवर वीतभर पुढे ओढायचा, आणि दोन्ही पायांनी मिळून मागे ढकलायचं. शटल नको, रॅकेट नको, १० वेळा. नंतर एक पाऊल मागून, नंतर मधल्या जागेवरून. डावा हात मागे पसरलेला ठेवा, तो पडला की अंग पुढे कोसळतं.

पाच_पावली

@ततकार_१६, चक्कर घेताना जागा सुटते. दहाव्या चक्करीपर्यंत पुढे बरंच अंतर जातं. नजर एका जागी धरूनही. चाळ जड असल्यामुळे होतं का?

ततकार_१६

चाळ असू शकते, पण आधी टाच पाहा. कथकच्या एका पावलाच्या चक्करीत शरीर डाव्या टाचेवर फिरतं आणि उजवा पाय ठोका देऊन वेग देतो. बॅलेत गिरकी चवड्यावर असते, त्यामुळे ती पाहून शिकलेल्यांचं वजन आपोआप चवड्याकडे जातं. टाचेवर फिरायचं आणि वजन चवड्याकडे, मग दर चक्करीला पाऊल थोडं पुढे पडतं. जागा पुढेच सुटत असेल तर कारण हेच. बाजूला सुटत असेल तर उजवा पाय लांब पडतोय, त्याचा ठोका डाव्याच्या जवळ घ्या.

चाळीबद्दल : ती घोट्याच्या हाडाच्या वर बांधा, हाडावर नाही. खाली सुती पट्टी गुंडाळा आणि बोट जेमतेम शिरेल इतकी घट्ट. सैल चाळ ठोक्यानंतरही वाजत राहते, आणि चक्करीत एका बाजूला ओढतेही. शिकताना पायाला ५० घुंगरू पुरतात, १०० वर जायची घाई नको. नजर धरता ती डोळ्यांच्या उंचीवर हवी. खाली धरली तर मान झुकते आणि वजन पुन्हा चवड्याकडे.

जमिनीवर खडूने फुली काढा, डावी टाच फुलीवर. दहा चक्करींनंतर टाच वीतभराच्या आत असेल तर लय वाढवा. हातभर सरकली असेल तर पाच पावलांच्या चक्करीवर परत या, मग तीन, मग एक.